शांतवनमास्तरांचे प्युरिटन

बेलापूर, ३ नोव्हेंबर १९७१

प्रिय शांतवन यास,
भागिरथीआक्काचा सप्रेम सलाम वि. वि.

मिशन बंगल्यातली तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या कडक प्युरिटन धर्मपंडितांची पुस्तकं तू रद्दीतून सोडवलीस, इथवर ठीक. पण तेव्हापासून तुमच्या घरी बाजाच्या पेटीला कुलूप आणि बायबलात नाहीत म्हणून नाताळच्या करंज्या बंद, हे ऐकून मला हसू आवरेना. तुझा चष्मा तरी कुठे आहे रे बायबलात?

करुणाच्या लग्नाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. साखरपुडा झालेल्या जावयाला, आसारामला, समोर बसवून तू विचारलंस की तुझं पापातून तारण झालं याचा पुरावा काय. कोपरगावच्या बाजूला कारखान्यात फिटर आहे तो. घाबरून म्हणाला की आपण कुणाचं वाईट केलं न्हाई. एवढ्यावर सोयरीक मोडलीस? पोर रडून अर्धी झाली. आता ती माझ्याकडे आहे आणि लग्न इथूनच होईल.

लोभ तुझ्या पुस्तकांइतका जाड असू दे.
तुझी आक्का

पुणतांबा, ९ नोव्हेंबर

ती. भागिरथीआक्का हिस,
शांतवनचा सलाम.

खुशाल हस. देव प्रेमळ आहे असं आमचे पाळक वर्षानुवर्षं सांगत आले आणि मी डुलक्या काढत आलो. हे प्युरिटन एका गर्वाचे चौदा प्रकार काढतात, आणि चौदाच्या चौदा माझेच निघतात. लाज वाटते, पण पुस्तक मिटवत नाही. माझं एवढं सगळं ओळखूनही ते कृपेचं दार लावून घेत नाहीत. इतकं घट्ट मला कुणी कधी धरलं नव्हतं.

स्वतःला चांगला म्हणणाऱ्याला कृपेची गरज काय? त्याच्या हाती पोर कशी देऊ? मी लग्नाला येणार नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा शांतवन

बेलापूर, १६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
करुणाचा सलाम.

आत्यानं तुमचं पत्र दाखवलं. रोज तुम्हाला ती पुस्तकं वाचून दाखवता दाखवता मलाही आवडू लागली होती, सांगायचं धाडस झालं नाही. मला त्यातून कळलं ते एवढंच, की माणसाचं मन फक्त देवाला दिसतं. आसारामचं मन तुम्हाला एका कप चहाच्या भेटीत दिसलं. हा गर्वाचा पंधरावा प्रकार लिहून ठेवा.

इथल्या चर्चमध्ये मंडळीपुढे आमच्या लग्नाची सूचना दोन रविवार वाचून झाली. हरकत असेल त्यानं उभं राहावं, असं पाळक म्हणतात तेव्हा मी दाराकडे बघते. येत्या रविवारी तिसरी आणि शेवटची वेळ. बाबा, हरकत घ्यायला तरी या.

तुमची,
करुणा