दुसरं पाकीट

दि. ९ नोव्हेंबर, रविवार
दुपार

प्रिय वकील,

नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेल, असं सवयीने लिहायला घेतलं आणि पेन तिथेच अडलं. ते राहू दे. वहिनींना माझा नमस्कार सांग. इकडे सगळे बरे आहोत. लेकीचा खोकला गेला. तुझी वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करतेय आणि मी काय लिहितोय ते न विचारण्याचा प्रयत्न करतेय.

तुला मी आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय. वीस वर्षं एका छापखान्यात काढली आपण, तू, नुसता नावाचा वकील, छपाईवर, मी कटिंगवर, मध्ये कागदाच्या थप्प्या. पत्राची गरजच कधी पडली नाही. जे बोलायचं ते संध्याकाळी बोलायचो आणि काय बोललो ते सकाळी दोघांनाही आठवायचं नाही.

तुझी बदली झाल्यावर तुझ्या मशीनवर नवा माणूस आलाय. अतिशय सभ्य. तू शिव्या घातल्याशिवाय जी चालू व्हायची नाही, तिच्याशी हा गोड बोलतो आणि ती रोज पहिले शंभर कागद वाया घालवते. परवा फोरमन म्हणाला, "वकिलाला फोन लावून स्पीकर मशीनपाशी धरायचा का?" सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

फोरमनकडूनच कळलं की तू माझ्यावर चिडलायस. "लांब्या साधू झालाय, माझा फोन घ्यायलाही त्याला कमीपणा वाटतो," असं म्हणालास म्हणे. साधू वगैरे काही नाही रे. दारू सोडली एवढं खरं. आज त्रेचाळीस दिवस झाले. पण फोन न घेण्याचं कारण ते नाही. कारण आहे, ते सांगतो. आधी हे ऐक.

सोडली ती मूर्खासारखी सोडली. कुणाला विचारलं नाही, एका सकाळी ठरवलं आणि बंद. पहिल्या दिवशी नुसता घाम. दुसऱ्या दिवशी जेवण जाईना, कप धरला तर निम्मा चहा बशीत. तिसऱ्या दिवशी तशाच हातांनी मी कटिंगवर उभा राहिलो. वह्यांचा एक अख्खा गठ्ठा तिरका कापला गेला. फोरमनने मशीन बंद केली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बघत राहिला. वीस वर्षांत त्या माणसाने मला कधी हात लावला नव्हता. मग घरी फोन केला.

संध्याकाळी हॉस्पिटलात नेईपर्यंत मला घरच्या भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. मी हिला म्हणालो, पुस, पुस त्या. ती बिचारी भिंत पुसत बसली. पाच दिवस ठेवलं होतं. सुया, गोळ्या, सलाइन. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील, पण झापलं असं की बाबांनीही कधी झापलं नसेल. "इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने अशी एकदम सोडायची नसते. जिवावर बेततं. आधी यायचं असतं आमच्याकडे." मी म्हणालो, प्यायलो तरी मरतो म्हणता, सोडली तरी मरतो म्हणता, माणसाने करावं काय? त्या म्हणाल्या, "विचारावं."

हे सगळं हकीकत म्हणून नाही सांगत. हे तू लक्षात ठेवावंस म्हणून सांगतोय.

लोकांना वाटतं सोडली की बरं वाटतं. ही विचारते, "आता हलकं वाटत असेल ना?" मी हो म्हणतो. खरं तर मला काय वाटतं तेच कळत नाही. सहा ते आठ या वेळेचं काय करायचं? चालायला जातो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो, तर सहा वाजून बारा मिनिटं. बिस्किटांचा पुडा एका बैठकीत संपवतो. झोपेत पितो आणि जागा झालो की आधी वाईट वाटतं की प्यायलो, मग वाईट वाटतं की प्यायलो नव्हतो. मी घरात शिरलो की ही काहीतरी उचलायच्या निमित्ताने माझ्या जवळून जाते आणि हळूच वास घेते. मला राग येतो. कसला राग, तेही कळत नाही. तिने वीस वर्षं विश्वास ठेवून पाहिलाच होता की.

लिव्हरचं म्हणशील तर माझं सुजलंय, चरबी चढलीय, रक्तातले आकडे वाढलेत. दारू कायमची थांबली तर बरंचसं भरून येईल म्हणाल्या. तुझ्या बदलीच्या आठवड्यात छापखान्यात तपासणी झाली होती ना, रक्त घेतलं होतं आणि पोटावर गार जेल लावून ते यंत्र फिरवलं होतं, त्याच तपासणीत निघालं हे. रिपोर्टची पाकिटं आली तेव्हा तू सामान बांधायच्या गडबडीत होतास. "माझं पाकीट तू घे आणि चुलीत घाल," म्हणालास. मी दोन्ही घेतली.

आता उठतो. ही चहाला बोलावतेय. उरलेलं उद्या.


दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिलं नाही. लिहायला वेळ नव्हता असं नाही.

आज डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला गेलो होतो. माझे आकडे उतरलेत. त्या खूश होत्या. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो आणि पिशवीतून दुसरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, हेही जरा बघता का. एका मित्राचं आहे.

त्यांनी वाचलं. पान उलटून तारीख पाहिली. मग चष्मा काढला.

"हे पेशंट कुठायत?"

"दुसऱ्या गावी असतात."

"उपचार चालू आहेत?"

"त्यांना माहीत नाहीये."

"म्हणजे?"

"पाकीट माझ्याकडे होतं."

"दोन महिने?"

मी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं ते पान माझ्याकडे वळवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मला पाठ आहे, वकील. मी ती दोन महिन्यांपूर्वी वाचली होती.

आता नीट सांगतो, जसं झालं तसं.

पाकिटं मिळाली तेव्हा मी गोडाऊनच्या जिन्यावर बसून माझं उघडलं. दोन-तीन आकड्यांखाली रेघा होत्या. मग मी तुझं उघडलं. तुझ्या काळजीने नाही. मला वाटलं, दोघं एकत्रच बसतो, तेव्हा तुझंही असंच असणार आणि दोघांचं सारखं असलं तर घाबरण्यासारखं काही नसणार. धीर यावा म्हणून उघडलं.

त्यात लिहिलंय की तुझं लिव्हर आकसलंय, वरून खडबडीत झालंय, पोटात थोडं पाणी साठलंय. खाली लाल पेनाने लिहिलंय, ताबडतोब तज्ज्ञांना दाखवा.

आणि ते वाचल्यावर पहिल्या क्षणी मला काय वाटलं, ते मी हिलाही सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. हे माझं नाही, एवढंच मनात आलं. पुढचा क्षण वेगळा होता, पण पहिला तो होता. त्याचं काय करायचं, कुणाला विचारायचं, मला समजत नाही.

तू माझ्यापेक्षा कमी प्यायचास. तिसऱ्या ग्लासानंतर तू हात आडवा धरायचास आणि मी तुला "वकिलाची बायको जिंकली" म्हणून चिडवायचो. मग तुझंच का? मी आज हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणाचं लवकर बिघडतं, कुणाचं उशिरा. किती प्यायलात त्यावर आहे, पण तेवढ्यावरच नाही. नक्की कारण मला सांगता येणार नाही." इतक्या शिकलेल्या बाईंना सांगता येत नाही, मग मला कुठून कळणार?

पाकिटं उघडली त्याच संध्याकाळी तुझा निरोपसमारंभ होता. तू नवा निळा शर्ट घातला होतास. पाकीट माझ्या आतल्या खिशात होतं. सगळ्यांनी भाषणं केली, मलाही उभं केलं, मी काहीतरी बोललो आणि तुझे डोळे भरून आले. नंतर तू तिसऱ्या ग्लासावर हात आडवा धरलास. आठवतं? मी तुझा हात बाजूला केला. म्हणालो, "आज नाही म्हणायचं नाही." आणि माझ्या हाताने ओतली. त्यानंतर आणखी एकदा.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की आजचा दिवस कशाला नासवायचा, उद्या सांगू. उद्या तू गेलास. मग म्हटलं, फोनवर कसं सांगायचं. मग म्हटलं, एव्हाना त्याने दाखवलं असेल. खरं कारण असं की तुला सांगितलं तर तुला सोडावी लागणार आणि तू सोडलीस तर मी कोणत्या तोंडाने पीत राहणार होतो? तुझ्यापेक्षा मला माझी संध्याकाळ महत्त्वाची वाटली. तू गेल्यावर पंधरा-वीस दिवस मी दुप्पट प्यायलो.

मग वहिनींचा फोन आला. तू घरी नव्हतास. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? यांचे पाय सुजतात हल्ली. बोट दाबलं की खड्डा राहतो. हे म्हणतात दिवसभर उभं राहिलं की सगळ्यांचेच सुजतात. तुमचे सुजतात का हो?"

मी म्हणालो, "हो वहिनी, माझेही सुजतात."

त्यांना किती बरं वाटलं, ते मला फोनवर ऐकू आलं. "मग काही नाही," म्हणाल्या, "मी उगीच घाबरले." माझ्यासमोर भरलेला ग्लास होता. मी तो प्यायलो, वकील. तेव्हाही प्यायलो. पण तो पोटात राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोडली. सगळ्यांना वाटतं, मी माझ्या रिपोर्टला घाबरून सोडली. हिला, फोरमनला, डॉक्टरांना. सगळे पाठ थोपटतात आणि मला वाटतं, दुसऱ्याच कुणाची पाठ थोपटताहेत.

तुझा फोन यायचा तेव्हा स्क्रीनवर तुझं नाव बघत मी बसून राहायचो. वाजून वाजून बंद झाला की पालथा घालायचो.

मी सोडली ती स्वतःसाठी, तुझ्यासाठी, की वहिनींना खोटं बोललो त्याची शिक्षा म्हणून, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मित्राचं बरं होईल का? त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय काही सांगत नाही. जे खराब झालंय ते परत पहिल्यासारखं होईलच असं नाही. पण पुढचं वाचवता येतं. आणि दोन महिने गेलेत, तेव्हा आता दिवस घालवू नका." मग मला थांबवून म्हणाल्या, "आणि तुमच्यासारखी घरच्या घरी सोडायला लावू नका त्यांना. इथे आणा."

परवाची वेळ घेऊन आलोय. घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ओतल्याचंही. ती उठली आणि माझी बॅग भरायला लागली. मला वाटलं, घराबाहेर काढतेय. म्हणाली, "जा आणि त्याच्या हातात दे. पोस्टात टाकू नकोस. तिथेही वेळ काढशील तू."


दि. १२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी साडेदहा

तुझ्या इमारतीसमोरच्या बाकावर बसून लिहितोय. बसमध्ये चार तास तुझ्याशी मनातल्या मनात बोलत आलो आणि एकही वाक्य धड झालं नाही. आता तू दार उघडलंस आणि "ये, लांब्या" म्हणालास, तर मी हवापाण्यावर बोलत बसेन, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हे पत्र वहिनींच्या हातात देऊन मी खाली परत येणार आहे. सोबत तुझा रिपोर्ट जोडलाय. त्यांना म्हणणार आहे, वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोललो, माझे पाय सुजत नाहीत. एवढं एक वाक्य तरी तोंडाने बोलायचं ठरवलंय.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही आणि तुला आत्ता त्याहून महत्त्वाचं काम आहे. दुपारी दोनची परतीची बस आहे. तिची तीन तिकिटं काढलीत. उद्या सकाळी अकराला डॉक्टरीणबाई थांबणार आहेत. राहायची सोय आमच्याकडे, हिने आतली खोली लावून ठेवलीय. आजची पिऊन झाली असेल तर तसाच ये. नसेल झाली आणि हात कापत असतील, तर मी आहे, मला ते कळतं. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मारायचं असेल तर खाली येऊन मार.

मी बाकावर आहे. तू आला नाहीस तर तीनची बस आहे, मग पाचची. मी जाणार नाही.

तुझा म्हणवून घेऊ का, ते तू ठरव,
लांब्या