मालिनसाठी खाली बसवलेली व्होल्वो

मी, तोर्ग्नी हेल्स्तेन, राहणार लुडविका, निवृत्त मोटार मेकॅनिक, शरीराने खचलो असलो तरी डोके ठिकाणावर ठेवून हे लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; भरीस घालील असे घरात कोणी उरलेले नाही.

१. घर, बँकेतील शिल्लक आणि गॅरेजमधील हत्यारे धाकटा भाऊ स्तूरे यास द्यावीत. लोखंड कापायची करवत मात्र त्याच्या हाती देऊ नये. कारण पुढे आहे.

२. माझी मुलगी मालिन हिच्या पाठीचे मणके लहानपणापासून अधू होते. शुक्रवारी संध्याकाळी गावातली पोरे स्प्रिंगा आखूड करून जमिनीलगत खाली बसवलेल्या जुन्या गाड्या घेऊन चौकाला फेऱ्या मारतात, तशीच आपली व्होल्वो तिला हवी होती. खाली कशाला, असे मी विचारले, तर म्हणाली, "बाबा, मग लोक गाडीकडे बघतील. माझ्याकडे नाही."

स्तूरेने स्वतःच्या गाडीच्या स्प्रिंगा करवतीने कापल्या होत्या. त्याच गाडीतून त्याने तिला एकदा तळ्यावर नेले. परत आली तेव्हा तिला उचलून आत न्यावे लागले. तरीही मला म्हणाला, "स्प्रिंगची दोन वेटोळी काप, अर्ध्या तासाचं काम. बाबागाडी बनवतोयस का?" त्याला मी माफ केलेले नाही, हे वाचले जाईल तेव्हा केले असे समजावे.

मी तो हिवाळा गॅरेजमध्ये काढला. आखूड स्प्रिंगा मापाने करवून घेतल्या, त्यांना जुळणारे मऊ शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले, खड्ड्यात गाडी त्यांच्यावर आदळू नये म्हणून खालचे रबरी ठोकळे छाटले. टायर जाडच ठेवले, पोरे नाक मुरडत असली तरी. गाडी तीन बोटे खाली आली. रेल्वे फाटकावरून नेताना माझा जीव मुठीत होता. मागून मालिन म्हणाली, "बाबा, रूळ अजून आले नाहीत का?" तेव्हा रूळ मागे पडले होते. इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

३. ती गाडी मालिनची मैत्रीण पेत्रा वेस्टलिंग हिला द्यावी. मालिन वारेपर्यंत दर शुक्रवारी तिला मागे बसवून गाडी पेत्राच चालवायची. गाडी उंच करू नये, झाकून ठेवू नये, चौकात न्यावी.

४. मागच्या उजव्या सीटवर पट्ट्याने बांधलेली वाळूची गोणी आहे. चाके घसरू नयेत म्हणून हिवाळ्यात इथे सगळेच डिकीत वाळू ठेवतात, म्हणून कोणी काही विचारत नाही. उन्हाळ्यातही ती तशीच असते, तर स्तूरे मला विसराळू म्हणतो. त्या बाजूची स्प्रिंग मी मालिनच्या वजनाला बसवली होती. मालिन तिथे नसली की तो कोपरा बोटभर वर येतो, आणि मला ते बघवत नाही.

गोणी पेत्राने काढावी. कोपरा वर राहील, तो तसाच राहू द्यावा. मी कितीदा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

वरील मजकूर मी वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. भाऊ साक्षीदार चालत नाही, म्हणून शेजाऱ्यांना बोलावले.

सही: तोर्ग्नी हेल्स्तेन
साक्षीदार: उल्ला-ब्रित फोर्सग्रेन, शेल नूर्लिंग
लुडविका, ११ मार्च २०१९