मामाला लपवून ठेवण्याचे चार दिवस

नॅनिंग (चीन), शनिवार
नोव्हेंबर २००४

तीर्थरूप लेलंडदादास,

धाकट्या ऑर्विनचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा, डार्लीनवहिनीचा खोकला आणि माझा कुत्रा हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (कुत्र्याला सोफ्यावर घेऊ नकोस. तो गयावया करेल. आपण बधायचं नाही.) आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि 'सगळे' म्हणजे सोमवारपासून तिघे.

आम्ही निघताना तू मर्नाबद्दल जे पुटपुटलास (शेहेचाळिशीची एकटी बाई, जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारले, हिला आता पोर कशाला?) ते मी तिच्या कानावर घातलेलं नाही. खरं सांगायचं तर माझंही मत फारसं वेगळं नव्हतं. मी बहिणीच्या बॅगा उचलायला आलो होतो, आणि पंधरा दिवस बर्फ उपसावा लागणार नाही म्हणूनही.

सोमवारी सकाळी सरकारी कचेरीत मर्नाच्या दत्तक लेकीला, रुइनिंगला, आमच्या हवाली केलं. वय सव्वादोन वर्षं, अंगावर लोकरीचे चार थर आणि वर ही एवढीशी जिवणी. मर्ना वर्षभर चिनी वाक्यं घोकत होती. ती गुडघ्यावर बसली, हात पसरले, बत्तिशी दाखवून हसली आणि घोकलेलं वाक्य म्हणाली. पोरीने ते पिवळे केस, तो चष्मा आणि ते दात पाहून अशी किंकाळी फोडली की साहेबाच्या हातून शिक्का पडला. मग धावत येऊन तिने माझ्या पायाला मिठी मारली. मी काहीही केलं नव्हतं रे! कोपऱ्यात बिस्किट खात बसलो होतो. (अर्धं तिला दिलं, हे कबूल.) तेव्हापासून अख्ख्या चीनमध्ये तिला मामाशिवाय कुणी नको.

मी मनातून फुशारलो होतो. पण आमच्या दुभाषी वेईबाईंनी मला बाजूला घेऊन हवाच काढली. "मामा, पोरगी तुम्हालाच चिकटली तर आईकडे कधी जायची? शुक्रवारपर्यंत तिच्या नजरेस पडायचं नाही. भरवायचं नाही, उचलायचं तर मुळीच नाही!" शुक्रवारी शेवटची सही होती. आणि मर्नाने तर मला सरळ सांगितलं, "ऑर्विन, तोवर ती माझ्याकडे आली नाही तर मी सही करणार नाही. मी तिला घरी न्यायला आलेय, पळवून न्यायला नाही." आपल्या बहिणीचा शब्द म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

तर दादा, सहा फूट तीन इंचांचा माणूस चार दिवस हॉटेलात लपून राहिला. कुंड्यांच्या मागे उभा राहिलो. लिफ्ट टाळून सहा मजले चढलो. जिन्यात बसून आंबवलेले बांबूचे कोंब घातलेल्या तांदळाच्या शेवया खाल्ल्या (तोंडाला फेस येईल इतक्या तिखट, पण आता त्यांच्यावाचून सकाळ उजाडत नाही). मजला झाडणाऱ्या नोंगमावशींनी मला बायकोने हाकललेला नवरा ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्टूल दिलं, दुसऱ्या दिवशी गरम पाणी, आणि तिसऱ्या दिवशी माझी खरडपट्टी काढली. खोलीतून मात्र सारखं रडणं ऐकू यायचं. मर्नाचा आवाज एकदाही चढला नाही. बुधवारी ती पाच तास जमिनीवर चित्रांचं पुस्तक उघडून बसली होती आणि पोर दाराशी पाठ फिरवून. पोर जेवली नाही म्हणून हीही जेवली नाही. बावीस वर्षं मी हिमवादळात बर्फ उपसायची गाडी हाकतोय, लोक मला धीराचा म्हणतात. हिच्यापुढे मी कुठेच नाही, दादा. तिच्या जागी मी असतो तर दुपारपर्यंत परतीच्या विमानात बसलो असतो.

गुरुवारी नोंगमावशी चादरी बदलायला आत शिरल्या. मर्ना पोरीला पुढ्यात धरून, तोंडासमोर तोंड नेऊन लाडीगोडी लावत होती आणि पोर धनुष्यासारखी ताणलेली. मावशींनी चादरी टाकल्या आणि तोफ सुटली. वेईबाईंना भाषांतर करता करता घाम फुटला. "अगं बये, तिच्या तोंडात तोंड काय घालतेस? घाबरतेय ती! लेकराची जागा पाठीवर! आणि त्या नवऱ्याला आत घे, जिन्यात जेवतोय बिचारा!" तासाभरात त्यांनी घरून नातीची झोळी आणली, लाल फुलांची, चार लांब पट्ट्यांची, आणि रुइनिंगला मर्नाच्या पाठीवर आवळून बांधलं. झालं! आता चष्मा नाही की दात नाहीत, समोर नुसती पाठ, तिने आजवर पाहिलेल्या कुठल्याही पाठीसारखी. दहा मिनिटांत रडं थांबलं आणि गाल टेकला. पोर उठेल म्हणून मर्ना डोळेही पुसेना. मी दाराच्या फटीतून पाहत होतो आणि मलाही रडू आलं, उगाच खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी सही झाली. साहेबाने विचारलं, हिला कधी टाकणार नाही ना? मर्नाने वर्षभर घोकलेल्या चिनीत उत्तर दिलं, आणि साहेबाने वेईबाईंना विचारलं की बाई काय म्हणाल्या. तेवढ्यात मर्नाच्या खांद्यावरून एक चिमुकला हात पुढे आला आणि त्याने पेन धरलं. ते काही केल्या सुटेना. शेवटी दोघींनी मिळून सही केली.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुझा,
ऑर्विन

ता. क. : विमानतळावर वीसजण दात काढून उभे राहू नका. शक्यतो पाठ करून उभे राहा.

ता. क. दुसरा : मर्नाचं काही बरंवाईट झालं तर रुइनिंग कुणाकडे, त्या कागदावर तुझं नाव आहे. मार्चमध्ये तिने आधी मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, भलत्या भानगडीत मला ओढू नकोस. तुला सांगायला लाज वाटली. दादा, तुझी स्वतःची चार आहेत. ते नाव काढून माझं घालायला वकिलाला सांग. कारण काय द्यायचं ते तूच ठरव.

ता. क. तिसरा : आज लिफ्टपाशी रुइनिंगने मला पाहिलं आणि मर्नाच्या मानेत तोंड लपवलं. वेईबाई म्हणाल्या, फारच चांगलं लक्षण, अभिनंदन. मीही म्हणालो, वा, उत्तम. तू वकिलाला सोमवारी सकाळीच फोन कर.