पथकातलं पहिलं नाव

२ एप्रिल १९८६, बुधवार. येळंबवाडी

आलो एकदाचा! कंधारच्या दवाखान्यात नऊ वर्षं दुसऱ्यांच्या सहीखाली सह्या केल्या. आता लातूर जिल्हा नवा, जागा नव्या आणि आमची बढती नवी. आरोग्य पर्यवेक्षक भुजंगराव! एसटीतून उतरलो तर देवस्थानचे ईश्वरप्पा स्वतः न्यायला उभे. माझी वळकटी त्यांनी हातातून हिसकावूनच घेतली. उपकेंद्राशेजारी पत्र्याची खोली दिली आहे. पाण्याची मात्र बोंब आहे, टँकर दोन दिवसांआड आणि घरटी चार घागरी. शेजारच्या मल्लम्मा ज्वारीची भाकर अन् शेंगाची चटणी देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या की सायेब, पाणी तेवढं मागू नका, बाकी काय बी मागा. लई हसलो.

कामही मनासारखं मिळालं. बावीस तारखेला वीरभद्राची जत्रा आहे. भाविक अग्गीतून, म्हणजे निखाऱ्यांनी भरलेल्या चरातून, अनवाणी चालतात. यंदा पाऊस मागायला दुप्पट माणूस येणार. पोळणं, उन्हानं भोवळ येणं, चेंगरणं, या सगळ्यासाठी पाच जणांचं वैद्यकीय पथक लागतं. ते निवडायचं मी, एकट्यानं. आईला पत्र टाकलं.

४ एप्रिल, शुक्रवार

गेल्या सालच्या यादीत पहिलं नाव शिवगंगा, इथल्या उपकेंद्राची नर्स. गाव तिला शिवक्का म्हणतं. म्हणतं कसलं, जप करतं! न्हाव्याकडं बसलो तर शिवक्का, चहा प्यायलो तर शिवक्का. ईश्वरप्पांनी तर मला तोंडावर सांगितलं की अक्का हाय तर भ्याव न्हाई, तुमी आपली सही करा. म्हणजे मी आलोय कशाला, शाई वाळवायला?

इथली एक रीत कळली. पथकात ज्याचं नाव पहिलं, त्याच्या मनगटाला देवळात हळदीचं कंकण बांधतात. शेवटचा माणूस अग्गी पार झाला की ते सोडतात. तोवर त्यानं शीव ओलांडायची नाही. शिवगंगेच्या हातात ते अजून आहे, काळं पडलेलं. गेल्या साली साखराबाई नावाची एक बाई चराच्या मधोमध पडली. अक्कानं तिला ओढून काढलं, सतरा दिवस औषधपाणी केलं, पण ती गेली. तिची अग्गी पार झाली न्हाई, मग कंकण कसं सुटंल, असं ईश्वरप्पांचं म्हणणं. सख्ख्या भावाच्या लग्नाला उदगीरला गेली नाही म्हणे ही बाई, वर्षभर शिवेच्या आत आहे. गाव याला तिची तपश्चर्या म्हणतं. मी सोंग म्हणतो.

८ एप्रिल, मंगळवार

सगळ्यांची कागदपत्रं तपासली. कंपाउंडर लिंबाजी बरा आहे. दोघं पट्ट्या बांधण्यापुरते ठीक, एक जण स्ट्रेचरला. मग शिवगंगेची कागदांची पिशवी उघडली. नर्सिंगची साडेतीन वर्षं, वरून दोन वर्षं जळितांच्या वॉर्डात. आणि माझ्याकडं? नांदेडला केलेला प्रथमोपचाराचा तीन दिवसांचा वर्ग, त्यातली एक दुपार मी चक्क झोपलो होतो. खोटं कशाला लिहू, माझी रोजनिशी आहे. पोटात दुखलं. लई दुखलं.

ती स्वतः ताक घेऊन आली होती. शांतपणे सांगत राहिली की जत्रेला दोन टाक्या स्वच्छ पाणी वेगळं ठेवा, पोळल्यावर आधी पाणीच लागतं, लोक शाई लावतात ती लावू देऊ नका. मला शिकवते! ताक मात्र चांगलं होतं, त्याचाही राग आला.

१० एप्रिल, गुरुवार

सापडलं! भर बारा वाजता ती उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी ओतत होती. धार एकदम नव्हे, हळूहळू, समोर कुणी हात धरून बसल्यासारखी, आणि तोंडानं पुटपुटत होती. रोजचंच आहे म्हणे. मल्लम्मांना विचारलं तर नजर चुकवून म्हणाल्या, अक्काचं अक्काला ठावं. माणसं घोटासाठी टँकरमागं पळून राहिली अन् ही बाई दगडावर पाणी ओतते! फायलीत लिहिलं: पाण्याची नासाडी, मनःस्थिती अस्थिर, जत्रेच्या कामास अपात्र.

१२ एप्रिल, शनिवार

निळ्या पेन्सिलीनं तिचं नाव खोडलं. जत्रा संपेपर्यंत तिला शिरूर अनंतपाळला टँकरमध्ये औषध टाकायच्या कामावर धाडायचा हुकूम काढला. पहिलं नाव घातलं माझं. कसं गार वाटलं.

ईश्वरप्पा हात जोडून म्हणाले, सायेब, कागद तुमचा, पर चटका माणसाला बसंल. मी म्हणालो, पहिलं नाव ज्याचं, कंकण त्याचं, रीत तुमचीच ना?

१३ एप्रिल, रविवार

देवळात तिचं कंकण सोडून मला नवं बांधलं. तिचे डोळे भरले. मला वाटलं, हरली. मग ती बाजूला येऊन म्हणाली की भाऊ, बारा वाजता ती येईल. हातावर पाणी घालायचं, सावकाश. कातडीला बोट लावायचं न्हाई. न्हाई म्हणायचं न्हाई. अडलं तर चिठ्ठी धाडा, मी असंल तिथून येते. मी हसून म्हणालो, गाडी सुटेल तुमची.

वर्षानं शीव ओलांडली तिनं. बसच्या खिडकीतून मागं वळून बघत होती, गावाकडं नव्हे, माझ्या हाताकडं.

१४ एप्रिल, सोमवार

बारा वाजता दार वाजलं. कुणी नव्हतं. उंबऱ्यावर जळक्या कापडाचा वास आला. ऊन आहे, पत्रा तापतो. असंल.

१५ एप्रिल, मंगळवार

पुन्हा बारा. दाराच्या फटीतून बाईचा आवाज आला. अक्का हाय का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, बदली झाली, मी आहे. ती गेली नाही. फटीतून हात आत आला. कोपरापासून बोटांपर्यंत सोललेला, ओला. मी तांब्या उचलला, पण घाईत तो निसटला आणि पाणी भुईवर सांडलं. घागरीत तेवढंच होतं. मग तोंडाला येईल ते बोलत टेबलावरची दौत घेतली अन् शाई ओतली त्या हातावर. लहानपणी आई लावायची, दुसरं काही आठवेना. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, अक्का असं करत नव्हती.

१६ एप्रिल, बुधवार

चौकटीला निळं कातडं चिकटलं आहे, पाच बोटांचं. घासून निघत नाही. मल्लम्मांनी पाहिलं आणि भाकर उंबऱ्याबाहेरच ठेवून गेल्या.

माझ्या मनगटावर कंकणाखाली फोड आलेत.

१७ एप्रिल, गुरुवार

कंधारला निघून जावं म्हणून सकाळची बस धरली. शिवेच्या दगडाशी कंकण निखारा झालं. किंचाळून उतरलो. बसमधली माणसं बघत राहिली.

बारा वाजता ती आलीच. हात आणखी सोललेला, शाई मांसात उतरलेली. पुन्हा तेच, अक्का हाय का.

ईश्वरप्पा म्हणाले की चिठ्ठी द्या सायेब, जीप धाडतो, दोन तासात अक्का हितं. लिहायला बसलो. "शिवगंगाबाईंना विनंती" इथवर लिहिलं. विनंती! मी, तिला! फाडली.

१९ एप्रिल, शनिवार

आता आतच येऊन बसते. भिंतीशी. मी पाणी घालतो, पण धार जोरात पडते, ती हात मागं ओढते. सावकाश म्हणजे किती सावकाश? अक्कानं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही.

माझी तीन नखं गळाली.

२१ एप्रिल, सोमवार

जेवण नाही. चराशेजारी लाकडं रचली. ज्यांना उद्या चालायचं आहे ती माणसं येऊन विचारून गेली की अक्का न्हाई तर आमचं कसं. सगळ्यांना तेच. जित्यांना तेच, मेलेल्यांनाही — तीही माझ्याकडं येऊन विचारते अक्कालाच. एवढं काय आहे तिच्या हातात? एवढं काय?

लिंबाजी म्हणाला, सायेब, हात दाखवून अवलक्षण केलं तुमी. त्याला पथकातून काढणार होतो. लिहवेना.

२२ एप्रिल, मंगळवार. जत्रा

सकाळ. चर धगधगतोय. तंबूत बसलोय. पाण्याच्या दोन टाक्या सांगायच्या राहिल्या — एकच घागर आहे. जीप तंबूशी उभी. ईश्वरप्पा कोरा कागद पुढं धरून उभे — नुसती सही करा म्हणतात — अक्का येईल —

अकरा. पहिले सात पार झाले. एकजण पोळला — लिंबाजीनं घागर त्याच्यावर ओतली. संपली.

पावणेबारा. कागद मांडीवर. सही केली तर सगळं गाव म्हणणार — अक्का आली अन् निभलं — माझं नाव कुणी घेणार नाही —

कागद फाडला.

बारा. आली. गर्दीतून — कुणाला धक्का न लागता. चराकडं तोंड करून उभी राहिली — साखराबाईची अग्गी अर्धी राहिली आहे — आता कळलं कशासाठी येते. तिला पार न्यायला कुणाचा तरी हात पाहिजे. कंकणाचा.

विचारलं तिनं. अक्का हाय का.

मी म्हणालो, नाही. मी आहे. पहिलं नाव माझं आहे.

उजवा हात धरलाय तिनं — डाव्यानं लिहितोय — सावकाश नाही ती, जोरात — लोक ओरडतायत सायेबाला धरा, अक्काला बोलवा — नको — तिला बोलावू नका — मी नेतो पार, मीच — चर आला — पायाला