चढ्या आकड्याची खिडकी

२ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईच्या खोलीला नव्या खिडक्या बसल्या. छाती जपायची तर थंडीभर खोली उबदार हवी, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून घाई केली. दुकानात प्रत्येक खिडकीवर चिठ्ठी होती. एकीवर १.४, दुसरीवर ५.६. मी अर्थातच ५.६ची घेतली. गंमत म्हणजे तीच स्वस्त! बावीस वर्षं तू खिडक्या बसवतेस, पण असा सौदा तुला कधी साधला का? मुख्याध्यापकाची नजर लागते त्याला.

आई मात्र अजून शाल सोडत नाही. वय झालं आता, दुसरं काय.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ

९ डिसेंबर

चि. मुख्याध्यापकांस, अनेक आशीर्वाद. तुला ते लागणारच आहेत.

तुझं पत्र मी कारखान्यात वाचून दाखवलं. दोन्ही कारागीर हातातलं काम टाकून पोट धरधरून हसले. अरे दीडशहाण्या, तो आकडा म्हणजे मार्क नव्हेत! खोलीतली ऊब खिडकीवाटे किती बाहेर जाते, ते त्यावर लिहिलेलं असतं. आकडा जितका कमी, तितकी खिडकी चांगली. तू चौपट ऊब घालवणारी काच आईच्या उशाशी लावलीस आणि वर तिच्या वयाला बोल लावतोस!

पहिला नंबर स्वस्तात का मिळतोय, एवढंही तुला खटकलं नाही? मला आधी दोन ओळी लिहायला हात झडले होते का? पण नाही, विचारलं तर साहेबांची पत जाते.

पत्र मिळताच आईला तुझ्या खोलीत हलव. खिडक्यांची मापं मिलिमीटरमध्ये पाठव. तेवढं तरी जमेल अशी आशा करते.

लोभ आहे, पण सध्या तो सगळा आईवर.

ताई

१५ डिसेंबर

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

मापं पत्राच्या मागे आहेत. मीच घेतली, कारण तुझा भाऊ रुसलाय. मला त्याच्या खोलीत हलवलं आणि स्वतः माझ्या खोलीतल्या गारठ्यात झोपतो. शिक्षा म्हणे! बायकोही कंटाळली त्याला.

त्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. मी पहिल्याच दिवशी वाचलं आणि त्याला सांगितलंही. तर म्हणाला, आई, तुला यातलं काय कळतं.

तू तरी काय वेगळी गं? कारखान्याला हसवलंस, भावाची पार सालटी काढलीस. त्याने पान भरून लिहिलं, तू पान भरून लिहिलंस. आई, थंडी वाजते का, हे मला दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

वाजते. फार वाजते.

खिडक्या घेऊन लवकर ये. माझी माया होती तशीच आहे, तुम्ही दोघं तिच्या लायकीचे नसलात तरी.

तुमची आई