सावरीचा वैमानिक

१६ नोव्हेंबर
धानोऱ्यात पोहोचलो. वरोऱ्याहून सामान आणणारा टेम्पो वाटेत दोनदा बंद पडला, तरी खुशबू चिडली नाही. तेव्हाच ओळखलं, हिला गाव आवडणार. भूमापकाला असा ऐसपैस क्वार्टर नशिबानेच मिळतो. मागे अंगण, त्यापलीकडे धान कापलेल्या बांध्या, मग पाण्याने भरलेली बोडी आणि तिथून जंगल. आमची आचल सहा वर्षांची आहे. तिने तासाभरात शेजारच्या प्रेमिलाबाईंची कोंबडी पाळण्याची परवानगी मिळवली.

कपाटाच्या वरच्या खणात नकाशाची गुंडाळी सापडली. रेडिओ-रिमोटवर उडणारं छोटं विमान, एकास पाच प्रमाण, उघड्या कॉकपिटचं. कॉलेजात मी अशी दोन केली होती. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: वैमानिक खऱ्या माणसाच्या मापाने करावा. एकदा बसवल्यावर काढू नये. खाली: सीता, १५२.

प्रेमिलाबाई म्हणाल्या, आधी इथे कुलदीप नावाचे कारकून राहायचे, सीता त्यांची बायको. पुढे त्या एकदम तुरीच्या शेंगांवर बोलायला लागल्या.

३० नोव्हेंबर
बाल्साच्या पट्ट्या कुरिअरने आल्या. पंखाच्या सगळ्या फासळ्या कापून झाल्या. हे लाकूड इतकं हलकं की श्वास जोरात सोडला तर टेबलावरून सरकतं. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावरच सांगाडा जोडतोय. कार्यालयात दिवसभर लोकांच्या बांधाच्या भांडणात साखळी ओढल्यावर, ज्या रेषेवर कुणाचंच भांडण नाही अशी रेषा कापायला बरं वाटतं.

वैमानिक कोण, यावर घरात चर्चाच झाली नाही. आचल कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, मले बसव. नाई बसवलं तं मी कोंबडीले घेऊन पळून जाईन.” टेप लावला. एकशे दहा सेंटिमीटर. म्हणजे बाहुली बावीसची.

बाहुलीला सावरीचं लाकूड हवं होतं, म्हणून लटारू सुताराकडे गेलो. त्याने ठोकळा हातात घेतला आणि द्यायला का-कू करू लागला. “हे उजेड्या पाखात तोडलेलं हाय, साहेब. चांदण्यात लाकडाले गोडी येते, मंग किडा सोडत नाई. अंधाऱ्या पाखात तोडून देतो, दोन हप्ते थांबा.” मी हसलो. म्हणालो, भाऊ, मला खेळणं करायचंय, घराची तुळई नाही. “घ्या मंग,” तो म्हणाला, “मापवाल्याले कोन समजावन.”

९ डिसेंबर
विमान पूर्ण झालं. बाहुलीचा चेहरा अपेक्षेपेक्षा चांगला उतरला. आचलच्या डाव्या भुवईवरची खोकसुद्धा आली. खुशबूने बराच वेळ पाहिलं आणि छान म्हणायच्या ऐवजी पदर सारखा केला.

पंखाखाली दोन बोटं ठेवून तोल पाहिला. शेपूट जड. नाकात शिसं भरून वजन वाढवणं मला आवडत नाही, मागचं कमी करावं. बाहुली बाहेर काढली आणि पाठीकडून तासली. चोपन्न ग्रॅमची अठ्ठेचाळीस झाली. मग इपॉक्सीने कायमची चिकटवली. तोल सुरेख.

आचल आज दुपारभर झोपली. एरवी कधी झोपत नाही.

१२ डिसेंबर
आचलची पाठ दुखतेय. शाळेत मुलांची वजनं घेतली. वरोऱ्यात अठरा होती, इथे सोळा भरली. खुशबू म्हणते, पाणी मानवलं नाही.

मापवाल्याची खोड. दोन जोड्या शेजारी लिहून पाहिल्या. चोपन्न, अठ्ठेचाळीस. अठरा, सोळा. दोन्हीकडे नववा हिस्सा गेला आहे.

योगायोग. वही मिटतो.

१४ डिसेंबर
रविवार. बांधीतून विमान उडवलं. पहिल्याच झेपेत चढलं, बोडीवरून वळलं. आचल आईसोबत शेताच्या धुऱ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. उतरताना चाक धानाच्या धसकटात अडकलं आणि विमान डावीकडे कलंडलं. फार नाही.

किंकाळी माझ्या मागून आली. मी विमानाकडे धावलो. हो, आधी विमानाकडे. बाहुलीचा डावा हात खांद्यातून चिरला होता. मागे वळून पाहिलं तर आचलचा डावा हात लोंबत होता. ती जागची हललीही नव्हती. पडली नव्हती.

१६ डिसेंबर
प्रेमिलाबाईंना गाठून विचारलं. कुलदीपचं विमान नाकावर पडलं होतं. त्याच वेळी सीताबाई अंगणात खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. मान मोडली. बाईंनी आवाज ऐकला होता. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “विमानानं मान मोडली म्हणू काय? तुम्ही मलेच येडी म्हटलं असतं.”

खरंच म्हटलं असतं.

खुशबूला सांगितलं नाही. कसं सांगू, की मी आचलला तासलं? विमान कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं. आता कधीच उडवणार नाही. जपलं की झालं.

२८ डिसेंबर
हाताला प्लास्टर आहे, पण आचल हसते, खाते. दोन आठवडे काही नाही. बरं चाललंय.

५ जानेवारी
कपाट उघडलं. कापसावर पिवळसर भुकटी. चिमूटभर. पिठासारखी.

बाहुलीच्या पाठीला तीन छिद्रं — टाचणीच्या टोकाएवढी.

७ जानेवारी
आचलला खोकला. वजन साडेचौदा.

बाहुली कानाशी धरली. आत कुरतडणं ऐकू येतं. सावकाश. थांबतं, पुन्हा सुरू होतं.

मग आचलच्या पाठीला कान लावला —

८ जानेवारी
बाहुलीला ऊन दाखवलं, वीस मिनिटं. तिला ताप चढला, अंगावर फोड. आत आणलं.

एका छिद्रात रॉकेलचा एकच थेंब. तिने ओकारी काढली. खुशबू भांडं हुंगत म्हणाली, ही रॉकेल कुठून प्याली?

किड्याला मारतो ते तिला लागतं. नाही मारत, तर तो —

१० जानेवारी
लटारूकडे गेलो. खरं बोललो नाही. म्हटलं, खेळण्याला कीड लागली, मुलीचा जीव आहे त्यात. तो म्हणाला, सडलं तेवढं कापून टाका. मी ओरडलो — कापायचं नाही, ऊन नाही, धूर नाही, औषध नाही. दुसरं काही असेल तर सांग.

तो म्हणाला, “असे काऊन ओरडता, साहेब? विचार करून सांगतो.”

११ जानेवारी
गडचिरोलीच्या दवाखान्यात. तेरा किलो. फोटोत छातीत पोकळ्या दिसतात — वळणावळणाच्या. डॉक्टरांनी असं कधी पाहिलेलं नाही. चादरीवर पिवळी भुकटी पडते, मी हाताने झटकतो.

खुशबूला कपडे आणायला घरी पाठवलं.

१२ जानेवारी, सकाळी ११
खुशबूचा फोन. आवाज मोकळा होता. लटारूभाऊ सकाळीच घरी आला होता म्हणे, भला माणूस. त्याला उपाय सुचला. तुम्ही नको म्हणालात त्यातलं काहीच नाही — कापणं नाही, धूर नाही. जुन्या लोकांची रीत. लाकूड पाण्यात बुडवून ठेवलं की किडा आपोआप गुदमरतो. तिने कपाटातून काढून दिलं. तो आत्ताच बोडीकडे गेला. तरंगू नये म्हणून वर दगड ठेवणार आहे. दोन दिवस —

मी ओरडलो, धाव. काढ. तिने विचारलं, का? सांगत होतो — रेंज गेली.

अकरा दहा. लागत नाही. लटारूकडे फोन नाही. घरापासून बोडी दहा मिनिटं. तिने ऐकलं असेल. धाव हा शब्द तरी —

अकरा बारा. आचल डोळे उघडून बघतेय. हात गार. म्हणाली, बाबा, अंधार झाला का. खिडकीत ऊन आहे.

नर्सला हाक मारली. पुन्हा मारली.

तिच्या केसांना शेवाळाचा वास —

खोकते आहे. पाणी. एवढं पाणी कुठून —

अकरा पंध