मैनाबाईंसाठी एक वाक्य

पनवेल,
शनिवार, २४ मे २०२५

ती. दादा,

तुला आणि निवेदितावहिनीला नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या यंदा धरल्या का, तेही कळव. दिवेआगरला निदान वारा तरी असेल. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

आधी चांगली बातमी. सलिल सुटला. चौकशी समितीने काल निकाल दिला. लेकासाठी नवस बोलला असशील तर फेडून टाक.

पण त्याने तुला सगळं सांगितलं नसणार. मैनाबाई पेणकडच्या मिठागरात कामाला. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी उन्हात राबल्या. रक्तातली साखर उतरली, जीभ जड झाली, तोल जायला लागला, धरायला येईल त्याच्यावर हात उगारू लागल्या. भरदुपारी नवऱ्याने, रामचंद्रने, त्यांना आमच्या रुग्णालयात आणलं. ड्युटीवर सलिल. त्याने ठरवलं, बाई प्यायल्यात. कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं, उतरली की बघू म्हणाला. बोटाला सुई टोचून साखर बघायची, एवढंच काम होतं रे! मला बोलावलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या पुटपुटत होत्या म्हणून मी तोंडाजवळ कान नेला. दारूचा वास नव्हता. संध्याकाळी गेल्या. रक्ताच्या तपासणीतही दारू निघाली नाही.

मनोविकारांची डॉक्टर असून रुग्ण सोडून डॉक्टरांच्याच डोक्यांतले पूर्वग्रह काढायचे वर्ग घेत बसलीस, म्हणून तू मला चिडवतोस. खरंच आहे ते. इतकी वर्षं पोरांना एकच सांगत आले, की रुग्णाची माहिती देताना पहिल्याच वाक्यात जात-धर्म सांगू नका, मन तिथेच निकाल लावून मोकळं होतं. सलिल माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. समितीपुढे 'पन्नाशीची स्त्री' एवढंच म्हणाला. जात नाही, मिठागराचं नावही नाही. किती स्वच्छ! पण त्या दुपारी त्याने लुगडं पाहिलं होतं, बोली ऐकली होती, आणि त्याला तेवढं पुरलं. मी त्याला फक्त कसं बोलायचं ते शिकवलं.

रामचंद्र मला भेटायला आला होता. मला वाटलं, शिव्या घालेल. हात जोडून म्हणाला, "म्याडम, तिनं जल्मात कंदी दारू घेतली न्हाय. गावात नको नको ते बोलतात. तेवढं कागदावं लिवा." बस, एवढंच मागणं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "वास येत होता म्हणून सांग, पोराचं आयुष्य आहे." आणि वर म्हणालास, "ती लोकं पितातच गं." दादा, माझ्या वर्गात यायच्या कितीतरी आधीपासून सलिल हे आपल्याच ओटीवर ऐकत आलाय.

मी गप्प बसले नाही. वास नव्हता, असं समितीला स्पष्ट सांगितलं. अध्यक्ष गोड हसले. निकालात लिहिलंय, 'दारूसदृश वासामुळे झालेली प्रामाणिक चूक'. सलिलला समज देऊन सोडलं, आणि माझा वर्ग सगळ्यांना सक्तीचा केला. काल संध्याकाळीच मी राजीनामा दिला. रामचंद्रने मागितलेलं ते एक वाक्य निकालात कुठेच नाही.

तू रागावशील, रागाव. सलिल मात्र रागावला नाही. आज सकाळी आला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणी रडायचा तसा रडला. मग म्हणाला, "आत्या, पण वास खरंच येत होता गं."

मी त्याचा चेहरा बघत राहिले. माणूस खोटं बोलतोय की नाही, हे ओळखण्यात माझा जन्म गेला. तो खोटं बोलत नव्हता, दादा. त्याला वास आला होता.

तुझी, आणि आता कुणाचीच मास्तरीण नसलेली,
मृणाल